छातीवरची शिवण : झडप बदलल्यानंतर फुगलेल्या एका वणाचं प्रकरण

मार्चचा शेवटचा आठवडा, दुपारची ओपीडी संपत आलेली. एक बाई आत आल्या. वय ३१, सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात घरी शिलाई मशीन चालवतात. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बंद ब्लाउज आणि वरून घट्ट लपेटलेला पदर. बोलता बोलता त्यांचा हात सारखा छातीच्या मध्यावर जायचा. नखं लावायची नाहीत एवढं त्यांना कुणीतरी बजावलं असावं, कारण त्या कापडावरूनच बोटांच्या पेरांनी चोळत होत्या. "मॅडम, दिसायचं ते दिसू दे. पण ही खाज थांबवा. रात्री दोन-दोन वाजता उठून बसते मी."

साडेचार महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरमध्ये, त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप बदलली होती. लहानपणी येऊन गेलेल्या संधिज्वरानं ती आखडली होती. आता तिथे मेकॅनिकल झडप आहे, गावात जिला लोखंडी झडप म्हणतात ती. अशी झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. यांना तशीच गोळी, अ‍ॅसिट्रॉम, चालू होती आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवायला सांगितला होता. ऑपरेशन उत्तम झालं होतं. जिना चढताना लागणारी धाप गेली होती, पायांची सूज गेली होती. दर महिन्याला तपासणीला जायच्या, रक्त द्यायच्या, गोळीचा डोस ठरवून घ्यायच्या. खाजेबद्दल त्यांनी तिथे दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, जखम भरतेय, खाज सुटणारच.

हे उत्तर पहिल्या महिन्यासाठी बरोबर आहे. चौथ्या महिन्यात खाज कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर ते बरोबर नाही. हृदयाचं काम करणाऱ्या माणसाचं लक्ष हृदयाकडे असतं आणि ते तसंच असायला हवं. पण छातीवरच्या त्या रेषेकडे बघण्याचं काम मग कुणाचंच उरत नाही. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या मधल्या रिकाम्या जागेमुळे. उरलेलं सगळं त्या मानानं नेहमीचं आहे.

वण १७ सेंटीमीटर लांब होता, छातीच्या हाडावरून सरळ खाली उतरणारा. वरचा भाग सुरेख भरला होता, बारीक आणि सपाट. खालचे सात सेंटीमीटर मात्र दोरीसारखे वर आले होते, सर्वांत उंच जागी जवळजवळ चार मिलिमीटर. त्याच्या खाली, जिथून ऑपरेशननंतरच्या नळ्या काढल्या होत्या, तिथे हरभऱ्याएवढ्या दोन टणक गाठी. रंगाबद्दल थोडं सांगायला हवं. पुस्तकातल्या चित्रांत असे वण लालभडक दिसतात, कारण ती चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडच्या सावळ्या किंवा गव्हाळ कातडीवर तोच लालपणा तांबूस-जांभळा दिसतो आणि काळपट डाग समजून सोडून दिला जातो. मी वणावर काचेची पट्टी दाबून पाहिली. दाबल्यावर रंग उडत होता, सोडल्यावर लगेच भरत होता. म्हणजे आत रक्तवाहिन्यांची गर्दी होती आणि वण अजून जिवंतपणे वाढत होता. वण मोजायच्या व्हँकुव्हर मोजपट्टीवर रंग, रक्तपुरवठा, मऊपणा आणि उंची यांचे मिळून १३ पैकी ९ गुण झाले. या पट्टीवर जितके गुण कमी तितका वण चांगला. खाजेला त्यांनी स्वतः दहापैकी सात दिले.

यानंतर मी त्यांच्या शरीरावरचे दुसरे वण बघायला मागितले. ही पायरी घाईत सुटते, पण मला ती फार मोलाची वाटते. आपल्या देशात जवळजवळ प्रत्येकाच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लसीची खूण असते, आणि दंडाचा तो भाग कीलॉइडच्या, म्हणजे जखमेबाहेर पसरत जाणाऱ्या वणाच्या, आवडत्या जागांपैकी एक आहे. ज्याला कीलॉइड होण्याची प्रवृत्ती असते, त्याची बीसीजीची खूण पुष्कळदा आधीच चुगली करते. यांची खूण सपाट, किंचित खोलगट होती. कानाच्या पाळ्या टोचलेल्या, तिथेही काही नाही. आणि सहा वर्षांपूर्वीच्या सिझेरियनचा ओटीपोटावरचा आडवा वण तर शोधावा लागला, इतका तो फिका, दोऱ्यासारखा होता.

बाई एकच, कातडी एकच. पोटावरचा वण दिसेनासा झाला आणि छातीवरचा फुगला. का, हे त्यांनीच मला विचारलं.

१८६१ मध्ये ऑस्ट्रियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी मृतदेहांच्या त्वचेवर गोल टोकाच्या आरीनं भोकं पाडून पाहिली. भोकं गोल राहिली नाहीत, ठरावीक दिशेनं ताणली जाऊन लांबट झाली. त्या दिशा जोडून त्यांनी शरीराच्या ताणरेषांचा नकाशा केला. रेषेच्या दिशेनं दिलेला छेद शांतपणे मिटतो, रेषेला आडवा गेलेला छेद दोन्ही बाजूंनी ओढला जातो. सिझेरियनचा आडवा छेद पोटावरच्या ताणरेषांबरोबर जातो. छातीच्या हाडावरचा उभा छेद त्या रेषा कापत उतरतो. शिवाय छाती प्रत्येक श्वासाबरोबर हलते, हात उचलला की कातडी ओढली जाते, खालच्या भागावर स्तनांचं वजन दोन्हीकडून येतं. ताण पडला की जखमेतल्या पेशींना अजून दुरुस्ती संपलेली नाही असाच निरोप जातो आणि त्या कोलॅजन, म्हणजे वण ज्या तंतूंचा बनतो ते, बनवत राहतात.

मी हे कागदावर काढून दाखवत होते, तर बाई मध्येच म्हणाल्या, "म्हणजे कापड तिरकं कापून ताणून शिवलं की शिवण गोळा होते, तसं." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. पुढचे सगळे महिने आम्ही दोघी त्या वणाला शिवणच म्हणत राहिलो.

नाव काय द्यायचं, हा प्रश्न उपचारासाठी महत्त्वाचा होता. कीलॉइड आणि हायपरट्रॉफिक वण यांची गल्लत फार होते. कीलॉइड मूळ जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत पसरतो. पॅरिसच्या आलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पुढे जे नाव रूढ झालं, ते ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आलं आहे. ज्यानं तो एकदा पाहिला आहे त्याला नांगी पटते. कीलॉइड जखमेनंतर कित्येक महिन्यांनीही उगवतो आणि आपणहून ओसरत नाही. नुसता कापून काढला तर निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा परत येतो, पुष्कळदा आधीपेक्षा मोठा. हायपरट्रॉफिक वण हद्दीत राहतो. तो पहिल्या दोन महिन्यांत वर येऊ लागतो, सहाएक महिने वाढतो, आणि मग योग्य मदत मिळाली तर, कधी मदतीशिवायही, वर्ष-दोन वर्षांत बसतो. यांचा वण सगळीकडे टाक्यांच्या हद्दीत होता. खाली एका जागी कड किंचित बाहेर झुकल्यासारखी वाटली, म्हणून तिथे पेनानं खूण करून फोटो काढला. दहा दिवसांनी आणि पुढेही ती कड खुणेच्या आतच राहिली. निदान : हायपरट्रॉफिक वण. छातीवर हे निदान कायमचं धरून चालत नाही, कारण ही जागा कीलॉइडचीही आहे. म्हणून प्रत्येक भेटीत तोच फोटो, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात.

उपचाराआधी एक मोठी शंका मिटवायची होती. छातीचं हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. वणाखाली तारेभोवती जंतुसंसर्ग दबून असेल आणि मी त्यावर स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर तो भडकू शकतो. आणि ज्या रुग्णाच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, तिच्या बाबतीत भडकलेला संसर्ग रक्तातून झडपेपर्यंत पोचण्याची भीती असते. तेव्हा ताप, पू, ओलसरपणा, एखादं न मिटणारं छिद्र, खोकताना हाड कटकन हलल्याची जाणीव, हे एकेक विचारलं आणि हातानं तपासलं. काही नव्हतं. त्यांच्या हृदय शल्यचिकित्सकांना फोन केला. अखंड, निरोगी कातडीतून द्यायच्या इंजेक्शनसाठी गोळी बंद करायची नाही, वेगळं प्रतिजैविकही नको, फक्त आयएनआर ठरलेल्या मर्यादेत हवा, यावर आमचं एकमत झालं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण किरकोळ उपचारासाठी अ‍ॅसिट्रॉम चार दिवस बंद करून येणारे रुग्ण मी पाहिले आहेत. मेकॅनिकल झडपेवर गुठळी होण्याचा धोका इंजेक्शनच्या जागी रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मधल्या काळात घरी काय काय लावून झालं होतं, तेही बाहेर आलं. हळद आणि खोबरेल. कोरफड. मेडिकलमधून आणलेलं कांद्याच्या अर्काचं मलम. शेवटी शेजारणीच्या सल्ल्यानं ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून. त्या कॅप्सूलनंतर वणाच्या दोन्ही बाजूंना बारीक पुरळ उठलं होतं आणि खाज दुप्पट झाली होती. यात नवल नाही. मायामी विद्यापीठात १९९९ मध्ये ऑपरेशनच्या वणांवर ई जीवनसत्त्व लावून पाहिलं होतं. अभ्यास १५ रुग्णांचा, म्हणजे लहानच. फायदा दिसला नाही आणि दर तिघांपैकी एकाला त्या लेपाची अ‍ॅलर्जी झाली. कांद्याच्या मलमाचा पुरावाही तोकडा आहे. खोबरेलानं खाज तात्पुरती कमी होते, कारण कोरडेपणा जातो, एवढं त्याचं श्रेय. सासूबाईंनी वांगं, बटाटा आणि आंबट पाच महिने बंद केलं होतं. बाईंचं हिमोग्लोबिन आधीच कमी होतं. मी सासूबाईंना आत बोलावून सांगितलं, "आजी, वांग्यानं वण फुगत नाही. यांना पोटभर जेवू द्या. फक्त पालेभाजी रोज साधारण सारखीच असू द्या, कारण ती कमीजास्त झाली की रक्त पातळ करायच्या गोळीचा हिशेब चुकतो." आजींनी ऐकलं. खरं तर त्यांना सुटल्यासारखंच वाटलं असावं.

पर्याय बरेच होते आणि यांच्यासाठी त्यातले बहुतेक गळून पडले. कापून पुन्हा शिवायचं? ताण तोच राहणार, नवी शिवण पुन्हा फुगणार. शस्त्रक्रियेनंतरचा किरणोपचार हट्टी कीलॉइडसाठी उपयोगी आहे, पण ३१ वर्षांच्या बाईच्या स्तनांच्या मधोमध, हृदयाच्या वर, आणि तेही कीलॉइड नसताना? नाही. फ्लुरोयुरॅसिल हे मूळचं कर्करोगावरचं औषध स्टिरॉइडबरोबर मिसळून दिलं तर चांगलं काम करतं. मात्र शिरेतून दिल्यावर ते रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढवतं हे माहीत आहे. वणात टोचायची मात्रा अगदी थोडी असते, तरी मला तो धोका घ्यायचा नव्हता. द्रव नायट्रोजननं गोठवणं आपल्या कातडीवर पांढरे डाग ठेवून जातं. उरलं ते साधंच : सिलिकॉनची पट्टी आणि वणाच्या आत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन.

सिलिकॉनचं काम फार नाट्यमय नाही. ते कातडीतून उडणारं पाणी अडवतं, वरचा थर ओलसर राहतो, आणि त्यामुळे खालच्या पेशींची कोलॅजन बनवण्याची घाई कमी होते, असं मानलं जातं. पट्टी दिवसाचे बारा तास किंवा जास्त, किमान तीन महिने लावायची. अडचण होती एप्रिलची. चार दिवसांत पट्टीखाली घामोळं आलं. आम्ही पुन्हा चार तासांपासून सुरुवात केली, दर आठवड्याला दोन तास वाढवले, भर दुपारी पट्टी काढून ठेवायची, रोज साबणानं धुऊन वाळवायची. पट्टी घामानं निसटायची. त्यावर बाईंनीच तोड काढली. जुन्या मलमलीचा एक लांबट कप्पा ब्लाउजच्या आतून शिवला आणि पट्टी त्यात अशी बसवली की सिलिकॉनची बाजू वणावर टेकेल आणि वरून हलका दाब राहील. मी हा कप्पा आता इतर रुग्णांनाही शिवून घ्यायला सांगते.

मंगळसूत्राचा प्रश्न जरा नाजूक होता. लांब मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या फुगलेल्या भागावर घासत होत्या, दिवसभर मशीनवर वाकताना तर जास्तच. काढून ठेवायला त्या तयार नव्हत्या आणि मीही तसं सांगितलं नाही. आखूड मंगळसूत्र, तेही ब्लाउजच्या वरून, एवढ्यावर भागलं. ब्रेसियरचा खालचा पट्टा रुंद केला, म्हणजे स्तनांचं वजन वणावर ओढ देणार नाही. मशीनची उंची वाढवली, म्हणजे खांदे पुढे झुकणार नाहीत.

पहिलं इंजेक्शन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिलं. आयएनआर २.७. अर्धा तास आधी बधिर करणारं मलम, तरी दुखतंच, आणि हे मी आधी सांगते. टणक वणात औषध सहज शिरत नाही, बारीक सुईनं जोर लावून थेंब थेंब भरावं लागतं, वण क्षणभर पांढरा पडला की पुढे सरकायचं. मात्रा मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. नंतर दहा मिनिटं दाबून धरलं, दोन जागी थोडं रक्त आलं, थांबलं. दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन नाही, आणि गावातल्या कुणाकडून कमरेत इंजेक्शनही नाही. अ‍ॅसिट्रॉम चालू असताना हे दोन्ही महागात पडतं.

तीन आठवड्यांनी फोन आला. पहिलंच वाक्य, "मॅडम, काल सलग झोपले."

उंची फारशी उतरली नव्हती, पण खाज सातवरून तिनावर आली होती. खाज आधी जाते, मग मऊपणा येतो, उंची त्यानंतर उतरते, आणि रंग सगळ्यांत शेवटी. हा क्रम रुग्णाला आधी सांगितला नाही तर तो दुसऱ्या इंजेक्शननंतर येणं सोडतो.

मेमध्ये दुसरं इंजेक्शन, या वेळी २० मिलिग्रॅमची मात्रा. त्यानंतर पाळी बारा दिवस आधी आली आणि जास्त गेली. बाई घाबरल्या, मीही सावध झाले. ट्रायमसिनोलोननं पाळी पुढेमागे होते हे माहीत होतं आणि मी ते सांगितलंही होतं, पण रक्त पातळ असलेल्या बाईला याचा अर्थ जास्त रक्तस्राव, हे मी पुरेसं ठसवलं नव्हतं. त्याच दिवशी आयएनआर पाहिला, २.९ होता. हिमोग्लोबिन पाहिलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलं. मात्रा परत १० वर आणली आणि अंतर चारऐवजी सहा आठवडे केलं.

दुसरी चूक सरळ माझ्या हातची. जूनअखेरच्या तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी नळीच्या दोन गाठींपैकी डावी जवळजवळ बसली होती. ती सोडून द्यायला हवी होती, मी तिलाही थोडं औषध दिलं. ऑगस्टमध्ये तिथे खड्डा पडलेला दिसला, कातडी पातळ आणि फिकट. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे औषधानं झालंय, ती जागा मी टोचायला नको होती, भरून यायला कित्येक महिने लागतील. त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "खाजत नाही ना? मग असू दे."

ऑगस्टमध्ये चौथं आणि सप्टेंबरअखेर पाचवं इंजेक्शन झालं. दोन्ही वेळा मी फक्त अजून टणक लागणाऱ्या जागी टोचलं, मात्रा प्रत्येक वेळी कमी करत. मग थांबलो. सिलिकॉन डिसेंबरपर्यंत चालू ठेवलं.

लालपणासाठी पुण्याला लेझर करावं का, हा प्रश्न मध्ये आला होता. ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर वणातल्या रक्तवाहिन्यांवर काम करतो आणि गोऱ्या कातडीवर त्याचे परिणाम चांगले दिसतात. सावळ्या कातडीवर शक्ती कमी ठेवावी लागते, काळे-पांढरे डाग पडण्याची शक्यता असते, आणि रक्त पातळ असेल तर जांभळे चट्टे जास्त उठतात. तीन-चार फेऱ्या, प्रत्येक वेळी दिवसभराचा प्रवास, शिलाईचा खाडा आणि खर्च वेगळा. वणाचा लालपणा तसाही वर्ष-दीड वर्षात ओसरतो. लेझर नको, असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. दुसऱ्या रुग्णासाठी, विशेषतः ज्याला लग्न किंवा नोकरीसाठी घाई आहे, मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं तेव्हा, गेल्या मेमध्ये, पुन्हा मोजलं. फुगलेल्या सात सेंटीमीटरपैकी पाच सपाट झाले होते. उरलेले दोन अजून एखाद मिलिमीटर वर होते, पण मऊ. रंग आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा फिका. डावीकडचा खड्डा निम्मा भरला होता. नऊचे तीन गुण झाले होते. खाज शून्य लिहावी असं मला वाटत होतं, त्यांनी एक लिहायला लावलं. मृगाआधीच्या दमट दिवसांत थोडी चुळबुळ होते म्हणाल्या. गळा त्या दिवशी बंद नव्हता.

एक गोष्ट अजून सलते. हाच वण ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात, खपल्या पडून जखम पूर्ण मिटल्यावर कुणी पाहिला असता, तर साध्या कागदी मायक्रोपोर पट्ट्या वणावर आडव्या लावून त्याचा ताण कमी करता आला असता. पट्टी सैल होईपर्यंत ठेवायची, मग नवी लावायची. ऑस्ट्रेलियात सिझेरियन झालेल्या बायकांवरची एक चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ आठवडे अशी पट्टी लावणाऱ्यांमध्ये फुगलेले वण स्पष्टपणे कमी आढळले. एक रोल कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. यांचा वण अजिबात फुगला नसता असं मी म्हणणार नाही, छातीची जागा तशी हट्टी आहे. पण पाच इंजेक्शनं बहुधा लागली नसती.

आयएनआरसाठी त्या अजून दर महिन्याला जातात. तिथल्या रांगेत नव्यानं ऑपरेशन झालेल्या बायका भेटतात. यांच्या फोनमध्ये मार्चपासूनचे सगळे फोटो तारखेनिशी आहेत, ते त्या रांगेतच उघडून दाखवतात. आतापर्यंत त्या रांगेतून माझ्याकडे तिघी आल्या. पहिल्या दोघी सहा महिने उलटल्यावर आल्या होत्या. तिसरीला ऑपरेशन होऊन जेमतेम पाच आठवडे झालेत. तिचा वण अजून सपाट आहे, खाली थोडा गुलाबी. आम्ही पट्ट्या सुरू केल्या आहेत, आणि येताना ब्लाउजच्या आतला मलमलीचा कप्पा ती आधीच शिवून घेऊन आली होती.